बापूरावांचे चालू वय

चौतीस वर्षांच्या सरकारी नोकरीत सदाशिवराव थूल यांनी एकही मसुदा दोनदा लिहिला नव्हता. त्यांच्या टेबलावरून कागद एकदा पुढे गेला की साहेबांनी फक्त सही करायची, आणि तीही जपून, कारण सहीची जागा सदाशिवरावांनी पेन्सिलीने आखून दिलेली असायची. वर्ध्याच्या निम्म्या कचेऱ्यांत ‘थूल साहेबांचा ड्राफ्ट’ हा एक वेगळाच दर्जा समजला जाई. अशा माणसाला निवृत्तीनंतर पंधरा वर्षांनी आपल्या सख्ख्या भावाचे वय काही केल्या लिहिता येईना, ही गोष्ट त्यांना इतकी लागली की त्या आठवड्यात त्यांनी सकाळी फिरायचा रस्तासुद्धा बदलला. नेहमीच्या रस्त्यावर ओळखीचे लोक भेटत, आणि भेटले की विचारत, “काय साहेब, आज गुरुजी कितीचे?”

गुरुजी म्हणजे सदाशिवरावांचे थोरले बंधू बापूराव. आंजी मोठीच्या प्राथमिक शाळेत अडतीस वर्षे शिकवून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. एक जुलैला त्यांना पंच्याहत्तर वर्षे पूर्ण होत होती आणि गावच्या समाजमंदिरात सत्कार करायचे जुन्या विद्यार्थ्यांनी ठरवले होते. सत्कार म्हटला की गौरव अंक आला, आणि गौरव अंक म्हटला की संपादक मंडळ आले. या मंडळाचे अध्यक्ष, सचिव आणि सभासद सदाशिवराव एकटेच होते. दुसरे कुणी असते तर शुद्धलेखनावरून मंडळ पहिल्याच बैठकीत फुटले असते.

सुरुवातीला ते फुलस्केप कागदावर लिहीत होते. मे महिन्यात त्यांची मुलगी नंदिनी पुण्याहून आठ दिवस सुट्टीवर आली आणि तिने ते पाहिले. ती संगणकाच्या कंपनीत आहे, त्यामुळे कुणी हाताने काही करताना दिसले की तिला राहवत नाही.

“बाबा, मी तुम्हाला एक पान करून देते,” ती म्हणाली. “दिसायला साध्या पत्रासारखंच आहे. मथळे द्या, अक्षरं ठळक करा, फोटो लावा. पण मध्येच, वाक्याच्या पोटात, गणित पण मांडता येतं. वर एका ओळीत काकांची जन्मतारीख लिहा. खाली जिथे जिथे वय येईल तिथे आकडा टाईप करायचा नाही. बरोबरचं चिन्ह द्यायचं आणि लिहायचं, वय. आकडा आपोआप येतो.”

“आणि तारीख चुकली तर?”

“वर एकदा दुरुस्त करायची. सगळ्या पानभर दुरुस्त होते. पान जिवंत असतं बाबा.”

सदाशिवरावांनी प्रयोग म्हणून लिहिले, ‘सन १९७० मध्ये वयाच्या अमुक व्या वर्षी गुरुजी शिक्षक म्हणून रुजू झाले.’ अमुकच्या जागी वीस असा आकडा अलगद येऊन बसला. त्यांना आपल्या पहिल्या टाईपरायटरची आठवण झाली. आयुष्यभर त्यांनी कारकुनांच्या बेरजा तपासल्या होत्या, आणि आता वाक्यच स्वतःची बेरीज तपासत होते! त्या क्षणी त्यांचा जो तोल गेला तो गेलाच.

नंदिनी पुण्याला परत गेली, आणि सदाशिवरावांनी एका जन्मतारखेच्या खुंटीला चौसष्ट वाक्ये टांगली. लग्नाच्या वेळचे वय, पहिल्या बदलीच्या वेळचे वय, चष्मा लागला तेव्हाचे वय. लहानपणचे वय तर महिन्यांसकट. स्वतःचीही जन्मतारीख त्यांनी वर लिहून ठेवली आणि ‘थोरले’ की ‘धाकटे’ हा शब्दसुद्धा दोन तारखांवरून पानानेच ठरवावा अशी सोय नंदिनीकडून फोनवर करून घेतली. निमंत्रणपत्रिका, मंडपाच्या दारावरच्या फ्लेक्सचा मजकूर, सूत्रसंचालनाचे कागद, सगळे त्याच पानावर. शेजारचे प्रभाकरराव रोज संध्याकाळी बघायला येत.

प्रभाकरराव पुलगावच्या दारूगोळा डेपोतून निवृत्त झालेले. तीस वर्षे त्यांनी वर्धा-पुलगाव रेल्वेने ये-जा केली होती आणि जगातल्या कुठल्याही गोष्टीची सुरुवात ते डेपोपासून करत.

“साहेब, एक सांगू?” त्यांनी पान खालीवर करून पाहिले. “आमच्या डेपोत सगळा माल एका शेडमंदी कधीच नसे. हे शेड इथं, ते शेड तिथं. काऊन? एक उडालं तं दुसरं राह्यलं पाहिजे. तुम्ही सगळा माल एकाच तारखेत भरून राह्यले.”

“प्रभाकरराव, हा गौरव अंक आहे,” सदाशिवराव कोरडेपणाने म्हणाले.

कार्यक्रमाला आठ दिवस राहिले असताना गिरडहून जिजाबाई आल्या. त्या या दोघा भावांची थोरली बहीण. वय ऐंशीच्या पुढे. किती पुढे ते विचारायची कुणाची हिंमत नव्हती. सदाशिवरावांनी त्यांना खुर्चीत बसवले, चहा दिला आणि पहिले प्रकरण मोठ्याने वाचून दाखवायला सुरुवात केली. “‘छप्पन साली नागपूरला धम्मदीक्षेच्या त्या थोर दिवशी सहा वर्षे तीन महिन्यांचे बालक बापूराव आईचा हात धरून चालत होते...’”

“कोण चालत होतं?” जिजाबाईंनी बशी खाली ठेवली.

“बापू.”

“बापू कायचा चालते! बापू पोटात होता मायच्या. मले पक्कं ठाऊक आहे. मायले चालवत नव्हतं, बाबानं दोनदा झाडाखाली बसवलं. मी होती ना सोबत! शिमग्याच्या आंधी झाला बापू.”

“अक्का, शाळेच्या दाखल्यावर एक जुलै एकोणीसशे पन्नास आहे.”

“दाखला होता का तिथं? मी होती.”

आता इथे दुसरा कुणी असता तर हसून पुढचे प्रकरण वाचायला लागला असता. सदाशिवराव मात्र आलेल्या टिपणीची शहानिशा केल्याशिवाय फाईल बंद करत नसत. पानाच्या माथ्याशी जाऊन त्यांनी पन्नास सालची तारीख पुसली आणि, नुसते बघावे म्हणून, चौदा फेब्रुवारी सत्तावन्न टाकली.

चौसष्ट वाक्ये एका दमात हलली.

‘वयाच्या १३ व्या वर्षी गुरुजींनी ज्ञानदानाचे व्रत स्वीकारले.’ ‘१६ व्या वर्षी ते विवाहबद्ध झाले.’ ‘उणे चार महिन्यांचे बालक बापूराव आईचा हात धरून चालत होते.’ आणि सर्वांत शेवटी, संपादकाच्या मनोगतात: ‘माझे धाकटे बंधू बापूराव यांनी मला वडिलांची माया दिली.’

सदाशिवराव ते बघत असतानाच दार वाजले. पाण्याचा टँकर आला होता आणि त्यावर प्रभाकररावांचे आणि पलीकडच्या गल्लीचे काहीतरी जुंपले होते. निवाड्यासाठी सदाशिवरावांना बाहेर जावे लागले. निवाडा पाऊण तास चालला. पान तसेच उघडे राहिले.

या पाऊण तासात काय झाले ते नीट समजून घ्यायला हवे. बापूरावांची सून मयुरी आंजीहून सगळी धावपळ बघत होती. निमंत्रणपत्रिकेचा फोटो काढून ग्रुपवर टाकण्याऐवजी तिने आदल्याच दिवशी त्या पानाचा दुवाच टाकला होता, म्हणजे काही बदल झाला तर परत पाठवायला नको. तो दुवा एकशे चाळीस लोकांकडे गेला होता. त्यातलाच एक फ्लेक्स छापणारा स्वप्निल. त्याने नेमक्या त्या पाऊण तासात मजकूर उचलला आणि बारा फूट बाय आठ फूट छापून मोकळा झाला: ‘वयाची ६८ वर्षे पूर्ण केल्याबद्दल आदरणीय थूल गुरुजी यांचा अमृतमहोत्सवी सत्कार.’

पहिला फोन आला तो आंजीच्या सरपंचांचा. “साहेब, सकाळी पंच्याहत्तर होते, आता अडुसष्ट झाले. संध्याकाळपर्यंत गुरुजी वर्गात येऊन बसन ना!”

दुसरा फोन स्वप्निलचा. सदाशिवरावांनी त्याला झापले, की अडुसष्टाव्या वर्षी अमृतमहोत्सव होत नाही एवढे तरी माणसाने छापण्याआधी बघावे. “सर, तुमचं नाव वाचलं अन् छापलं,” तो म्हणाला. “तुमच्या मजकुरात चूक काढाले आम्ही कोण?”  ही कीर्ती सदाशिवरावांनीच चौतीस वर्षे जपली होती.

त्यांनी घाईघाईने जुनी तारीख परत टाकली. पण आता त्यांचे मन त्या तारखेवर बसेना. पन्नास सालची तारीख शाळेतल्या हेडमास्तरने लिहिलेली, सत्तावन्नची जिजाबाईंनी सांगितलेली. तेराव्या वर्षी कुणी शिक्षक होत नाही हे उघड होते. पण अक्काही शपथेवर सांगत होत्या. जेवताना जयवंताबाई, म्हणजे सदाशिवरावांच्या पत्नी, शांतपणे म्हणाल्या, “आक्काबाईच्या मनात दुसरा पोट्टा असन. तुमच्या मांगून एक झाला होता अन् गेला, असं सासूबाई सांगत.”

जिजाबाईंचा घास हातातच राहिला.  मग म्हणाल्या, “हो व. तो असन. त्याचं नावबी नव्हतं ठेवलं.” आणि ताटावरून उठून बाहेर जाऊन बसल्या.

त्या दुपारी सदाशिवरावांनी पानाला हात लावला नाही.

पण पुराव्याची खोड लागलेला माणूस. दुसऱ्या दिवशी ते एका कचेरीत गेले. कोणत्या ते सांगत नाही, कारण तिथल्या दोघांना त्यांनीच एकेकाळी टिपणी लिहायला शिकवले होते. गावोगावच्या जुन्या कोतवालांनी लिहिलेली जन्म-मृत्यूची बाडे तिथल्या अभिलेख कक्षात असतात. खिडकीतल्या बाईंनी अर्ज मागितला. सदाशिवरावांनी दिला. बाई म्हणाल्या, अर्ज विहित नमुन्यात नाही. सदाशिवराव म्हणाले, “हा विहित नमुना मीच तयार केला आहे, एकोणीसशे ब्याण्णव साली.” बाई म्हणाल्या, “मग तुम्हाला ठाऊक असेल ना काका, तो आता बदलला.” काका! नव्या नमुन्यात अर्जदाराने स्वतःच्या वयाचा पुरावा जोडायचा होता. तो घरी राहिला होता. तो घेऊन आले तर बाड काढणारा शिपाई जेवायला गेला होता. तो आला तर किल्ली साहेबांकडे, आणि साहेब बैठकीला. तीन हेलपाट्यांनंतर चौथ्या दिवशी एक पिवळे पान समोर आले. त्यावर मोडीसारख्या देवनागरीत एवढेच होते: ‘मुलगा. बाप लक्ष्मण. मौजा आंजी. ९ नोव्हेंबर १९५१.’

“मुलाचं नाव?” सदाशिवरावांनी विचारले.

“त्या वेळी बारशाच्या आधीच लिहीत ना साहेब,” शिपाई म्हणाला. “कोतवाल काय थांबते का?”

लक्ष्मण हे थूलांच्या वडिलांचे नाव. गावात आणखी एक लक्ष्मण होता का, हे कुणाला सांगता येईना. तरी सरकारी शिक्का तो सरकारी शिक्का. सदाशिवरावांनी घरी येऊन या वेळी आधी पानाचा दुवा बंद करण्याचा प्रयत्न केला, तो जमला नाही, आणि मग नऊ नोव्हेंबर एक्कावन्न ही तारीख घातली. वाक्ये बरीच शहाण्यासारखी वागली. गुरुजी अठराव्या वर्षी रुजू झाले, शोभण्यासारखे होते. फक्त पंच्याहत्तरीचे त्र्याहत्तर झाले होते. जयवंताबाई चष्मा लावून मागे उभ्या राहून वाचत होत्या.

“हे काय लिहिलं? ‘थोरले बंधू बापूराव यांच्यापेक्षा मी सात महिने बावीस दिवसांनी लहान.’”

“तारखा वजा केल्यावर तेवढंच येतं. माझी एक जुलै बावन्न.”

“सात महिने?” जयवंताबाईंचा आवाज चढला. “चार लेकरं झाले माह्या सासूले, पण अशी घाई तिनं कधी केली नाई! काढून टाका ते आंधी. एकशे चाळीस लोक वाचून राह्यले!”

सदाशिवरावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. काढायचे म्हणजे एक तर बापूंची तारीख खोटी, नाही तर आपली. स्वतःची तारीख त्यांनी कधी तपासलीच नव्हती. त्यांनी चोपन्न साल घालून पाहिले. आई निर्दोष सुटली; पण खाली त्यांच्या परिचयात आले, ‘वयाच्या ५६ व्या वर्षी सेवानिवृत्त.’ म्हणजे सरकारने त्यांना दोन वर्षे आधीच घरी पाठवले होते! ते टेबल दोन वर्षे आधी सुटले, आणि ज्याला मिळाले तो माणूस ‘सदर’ आणि ‘सादर’ यांतला फरक जाणत नव्हता. सदाशिवरावांना एकदम पंधरा वर्षांपूर्वीचा निरोप समारंभ आठवला आणि त्यातला पेढासुद्धा कडू लागला.

ते सांगायला प्रभाकररावांकडे गेले. प्रभाकररावांनी दार लावून घेतले. “साहेब, हे बाहेर बोलू नका. आमच्या डेपोत एकाची जन्मतारीख खोटी निघाली होती.”

“मग? काय झालं त्याचं?”

“लय चौकशी झाली.”

“आणि?”

“अन् काय. साहेबाचीच बदली झाली. पण चौकशी लय झाली!”

नंदिनीला फोन लावला तर ती म्हणाली, “बाबा, पानाचं काही चुकत नाहीये. तुमच्या तारखाच एकमेकींशी जमत नाहीत.”

“मग असं पान काय कामाचं? माझ्या फुलस्केपवर सगळं जमत होतं!”

“जमत नव्हतं बाबा. दिसत नव्हतं.”

सदाशिवरावांनी फोन ठेवून दिला. मुलीच्या तोंडून असले ऐकायला तिला शिकवले नव्हते, असे त्यांना वाटले. मग तिला नेमके कशासाठी शिकवले होते ते आठवेना.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सकाळी आंजीच्या बसने बापूराव स्वतः आले. पांढरा शर्ट, पायजमा, खांद्याला पिशवी. दारातच म्हणाले, “जयभीम. सद्या, मी किती वर्षांचा आहो ते एकदाचं सांगून दे. मले रस्त्यानं लोक विचारून राह्यले.”

सदाशिवरावांनी त्यांना पान दाखवले. पन्नास, सत्तावन्न, एक्कावन्न, तिन्ही तारखा घालून दाखवल्या. दर वेळी वाक्ये हलत आणि बापूराव ओठ हलवत वाचत. शेवटी त्यांनी चष्मा काढला.

“हे बोगस आहे,” ते म्हणाले.

“पान?”

“तारीख. एक जुलै. मले मामा घेऊन गेलता शाळेत. हेडमास्तरनं मले म्हटलं, डोक्यावरून हात घे, दुसऱ्या बाजूचा कान धर. धरला. म्हणे, झाला सहा वर्षांचा. लिहिली एक जुलै. दोन वर्षांनं तुले नेलं. तुहा हात पुरत नव्हता, तं मी तुही मान वाकवली मांगून. तुहीबी एक जुलै.”

सदाशिवराव खुर्चीतून उठले. “तुम्हाला ठाऊक होतं? मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?”

“काय बोलू?” बापूराव खिडकीबाहेर बघत म्हणाले. “मी मास्तर झालो अन् अडतीस वर्षं तेच केलं. जून महिन्यात पोट्टे येत. माय म्हणे, पेरणीत झाला. बाप म्हणे, ठाऊक नाई. शाळेचा पट भराचा राहे. मी म्हणो, धर रे कान. धरला की एक जुलै. अर्धी आंजी मी एकाच दिवशी जन्माले घातली, सद्या.”

जयवंताबाई चहा घेऊन आल्या होत्या, त्या दारातच हसू लागल्या. सदाशिवरावांना हसू आले नाही. चौतीस वर्षे त्यांनी लोकांच्या दाखल्यांवरची तारीख दोनदा वाचून शिक्का मारला होता.

“मग आता अंकात काय छापायचं?”

“पंच्याहत्तर छाप. हातानं लिही. ते बरोबरचं चिन्ह नको टाकू.”

चौसष्ट ठिकाणी हाताने आकडे घालायला सदाशिवरावांना दिवस पुरला नाही. एकोणिसाव्या वाक्यावर त्यांनी हात टेकले आणि अंकाचे प्रकाशन ‘तांत्रिक कारणास्तव’ लांबल्याचे एक निर्दोष पत्र तयार केले.

दुसऱ्या दिवशी समाजमंदिर भरून गेले होते. पेरणीची घाई असूनही लोक आले होते. दारावर स्वप्निलचा फ्लेक्स होता. अडुसष्टवर त्याने पंच्याहत्तरची पट्टी चिकटवली होती आणि ती एका कोपऱ्यातून उचकटली होती. त्रिशरण-पंचशील झाले, हार झाले, मयुरीने सूत्रसंचालन केले. प्रत्येक वक्ता वयाच्या जागी आला की थांबून सदाशिवरावांकडे बघे. सदाशिवराव व्यासपीठाच्या कडेला, लॅपटॉपची पिशवी पायाशी घेऊन, छताच्या पंख्याकडे बघत बसले होते.

मग बापूराव उभे राहिले. त्यांनी छापील आभार बाजूला ठेवले आणि म्हणाले, “ज्याची ज्याची जन्मतारीख एक जुलै आहे, त्यानं हात वर करा.”

आधी चार हात वर गेले. मग पंचवीस. मग बायकांच्या बाजूनेही. लोक एकमेकांकडे बघू लागले. नवरा-बायकोचे हात एकदम वर. बापलेकांचे वर. सभागृहात हशा झाला, टाळ्या झाल्या, मागून कुणीतरी ‘हॅपी बर्थडे’ ओरडले.

“हे सगळे वाढदिवस माझ्या हातचे आहेत,” बापूराव म्हणाले. “खरे नाईत. पट भराच्या घाईत लिहिले. आज माझ्या वयाचा घोळ झाला तं मले समजलं, मी तुमचा काय करून ठेवला आहे ते.”

हशा विरला. मधल्या रांगेतून एक माणूस उठला. कुंदन, पन्नाशीचा, गावात कापसाचे वजन करणारा. “गुरुजी, पोलीस भरतीत मी वय जास्त भरलं म्हणून हुकलो. फक्त वीस दिवसांनं. तुमच्या एक जुलैनं.” त्याचा आवाज भांडणाचा नव्हता. “माय सांगे, मी दिवाळीतला आहो. पण कागदावर तुमची तारीख.”

 बापूरावांनी माईकच्या दांड्याला धरले. सदाशिवरावांना वाटले, आता थोरल्या भावाला सावरायला काहीतरी बोलावे. ‘तत्कालीन परिस्थितीनुसार’ असे शब्द त्यांच्या जिभेवर तयारही होते. पण बापूराव हात जोडून म्हणाले, “कुंदन, माझ्याजवळ याचं उत्तर नाई. मी चुकलो. दोन मिनिटं तुह्या मायले विचारलं असतं तं झालं असतं.”

कुंदन गडबडला. “तसं नाई गुरुजी. मले फक्त एकदा सांगाचं होतं.”

तेवढ्यात बायकांमधून सुंदरा उठली. ती अंगणवाडी चालवत असे. “मले पाच वर्षांची असताना कान धरून सहाची केलं गुरुजीनं,” ती म्हणाली. “नाई तं त्या साली मले बकऱ्यांच्या मांगं लावणार होते. मी शिकली त्याच तारखेनं.” एवढे म्हणून ती खाली बसली. कुंदन अजून उभाच होता. त्याने तिच्याकडे पाहिले, मान हलवली आणि बसला.

बापूराव भावाकडे वळले. “सद्या, ते तुझं पान काढ. कुंदनची खरी तारीख निघते का पाह.”

“आत्ता? इथे?” सदाशिवराव व्याकूळ होऊन म्हणाले. “अहो, एका माणसाची निघेना म्हणून तर...”

पण कुंदन व्यासपीठाजवळ येऊन उभा राहिला होता. दिवाळी, पण कोणत्या सालची? त्याच दिवाळीत पाटलाच्या विहिरीला पाणी लागले. विहीर कोणत्या साली? जिजाबाई पहिल्या रांगेतून म्हणाल्या, त्यांचा धाकटा दीर पुलगावच्या गिरणीत लागला त्या साली. त्या दिराला फोन लागला. सदाशिवराव वाक्ये लिहीत गेले आणि पान ती एकमेकांना जोडत गेले. दहा मिनिटांत कुंदनचे वय कागदापेक्षा चार महिने कमी निघाले. आता त्याचा काडीचा उपयोग नव्हता, तरी कुंदनने त्या आकड्याचा मोबाईलमध्ये फोटो काढून नेला.

मग रांग लागली. “साहेब, माहीबी काढा.” “साहेब, आम्ही दोघं भाऊ, कोण मोठा ते सांगा.” जेवण थंड होत होते. प्रभाकरराव रांगेला शिस्त लावत होते आणि डेपोत गेटपास कसे देत ते सर्वांना सांगत होते. सदाशिवरावांच्या चष्म्यावर घाम उतरला होता. हे आपले काम नाही, हे त्यांनी सात जणांना सांगितले आणि सातही जणांची तारीख लिहून घेतली.

आठव्या माणसासाठी त्यांनी न बघताच विचारले, “नाव?”

“जयवंता.”

त्यांनी मान वर केली. त्यांची बायको हातात पदर धरून रांगेत उभी होती.

“तू? तुझी तर आहे ना आधारवर. एक जानेवारी.”

“ती त्या आधारवाल्यानं टाकली. मले म्हणे, बाई तारीख सांगा. मी म्हटलं, ठाऊक नाई. म्हणे, एक जानेवारी टाकू का? मी म्हटलं टाक बाप्पा, मांगं लाइन आहे.”

“मला कधी बोलली नाहीस.”

“तुम्ही कधी विचारलं?”

रांगेतले लोक दुसरीकडे बघू लागले. सेहेचाळीस वर्षांचा संसार. सदाशिवरावांनी नव्या ओळीवर तिचे नाव लिहिले आणि बोटे कळांवर ठेवून थांबले. साल कुणाला ठाऊक नव्हते. तिच्या ज्या भावाला ते ठाऊक असते तो वारला होता. “एवढंच माहीत आहे,” जयवंताबाई म्हणाल्या, “माय कापूस वेचाले गेलती, तिथंच वावरात कळा लागल्या.”

तारखेच्या जागी त्यांनी ‘कापूस वेचणीच्या दिवसांत’ असे लिहिले. पानाने खाली लाल रेघ ओढली: ही तारीख ओळखता येत नाही. सदाशिवरावांनी ते वाचले, रेघ तशीच राहू दिली आणि खुर्ची तिच्याकडे वळवली.

“वेचणी पहिली का दुसरी?”

“पहिली,” त्या म्हणाल्या. “दुसरीले तं माय मले पाठीशी बांधून वावरात होती.”